आवार आणि शिवार : विद्यापीठीय भेटदिनाची परंपरा आणि तिची भाषा

वर्षातून एक दिवस विद्यापीठाची दारे सर्वांस मोकळी असावीत, बाहेरच्या माणसाने आत यावे, येथे काय चालते ते पाहावे व विचारावे, ही कल्पना आपल्याकडे आता अपरिचित राहिलेली नाही. कृषी विद्यापीठांनी ती रूढ केली, विज्ञानसंस्थांनी ती उचलली, आणि आज महाविद्यालयेही आपापल्या परीने तिचे अनुकरण करीत आहेत. तथापि या दिवसाला मराठीत एक सर्वमान्य नाव लाभलेले नाही. कोठे त्यास मेळावा म्हणतात, कोठे शिवार फेरी, कोठे प्रदर्शन, तर कोठे तो वर्धापनदिनाच्याच नावाखाली साजरा होतो.

नावांच्या या विविधतेत त्या परंपरेचा इतिहास साठलेला आहे. येणारा कोण, त्याने येऊन काय करावयाचे, आणि बोलावयाचे कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नावाने निरनिराळी दिलेली आहेत. प्रस्तुत लेखात हा इतिहास त्या नावांच्या आधाराने पाहावयाचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीचे कृषी विद्यापीठ हे आपल्या नजरेसमोर राहील. परंतु त्याचे स्थान समजण्यासाठी आधी बरेच दूर जावे लागेल.

१. आवार

आरंभ 'आवार' या शब्दापासून करणे सोयीचे आहे. घराचे आवार, देवळाचे आवार, शाळेचे आवार या सर्व प्रयोगांत कुंपणाने किंवा भिंतीने वेढलेली जागा हा अर्थ स्थिर आहे. कोकणात तर आवार म्हटले की जांभ्या दगडाचा गडगा आणि त्यातील बेडे डोळ्यांपुढे येते. आवाराला आत आणि बाहेर असते. आत येण्यास कोणाची तरी अनुमती लागते.

इंग्रजीतील 'कँपस' हा शब्द याच्या नेमका उलट आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मोकळे मैदान, शेत असा होता. १७७४ मध्ये प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाच्या भोवतालच्या मैदानास हा शब्द लावला गेला आणि तेथून तो शिक्षणसंस्थेच्या जागेसाठी रूढ झाला. एकाच वस्तूस एका भाषेने कुंपणावरून ओळखले, दुसरीने मोकळेपणावरून. शब्दार्थावरून समाजाचा स्वभाव ठरविण्याचा मोह भाषाभ्यासकाने टाळला पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेतील मैदानांनाही फाटके होतीच. पण आवाराचे शिवार कसे करावयाचे, हा जो प्रश्न पुढे आपल्या विद्यापीठांपुढे आला, तो या शब्दजोडीत आधीच दिसतो.

२. स्नेहसंमेलन : आतल्यांचा उत्सव

महाविद्यालयीन उत्सवाची आपल्याकडील सर्वांत परिचित जात म्हणजे स्नेहसंमेलन, बोलीतले 'गॅदरिंग'. नाट्यप्रयोग, वक्तृत्व, फिशपाँड, पारितोषिक वितरण आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण ही त्याची अंगे बहुतेक वाचकांनी अनुभवलेली असतील. रत्नागिरीस १९४५ मध्ये महाविद्यालय निघाले, तेव्हा हा प्रकार पुण्या-मुंबईत चांगलाच रुळलेला होता.

'संमेलन' या शब्दात सर्वजण एका पातळीवर एकत्र येतात. 'स्नेह' हे विशेषण ते आधीपासून एकमेकांचे आहेत असे सांगते. येथे निमंत्रण आजी-माजी विद्यार्थ्यांस, अध्यापकांस व पालकांस असते. गावचा शेतकरी, कोळी किंवा दुकानदार संमेलनास आलाच तर प्रेक्षक म्हणून येतो. प्रयोगशाळेत काय चालते हे तो विचारीत नाही आणि त्याने विचारावे अशी अपेक्षाही नसते. ज्ञान हा स्नेहसंमेलनाचा विषय नव्हे. त्यामुळे भेटदिनाची परंपरा स्नेहसंमेलनातून वाढली असे मानता येत नाही. तिचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

३. सहलीचा दिवस

ते मूळ अमेरिकेतील भूदान-विद्यापीठांत सापडते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमीन देऊन तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढण्याची सोय झाली. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रे जोडली, आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने ते संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही आपल्या कृषी विद्यापीठांची त्रिसूत्री येथूनच आलेली आहे. जनतेच्या जमिनीवर उभे राहिलेले विद्यापीठ जनतेस दाखविले पाहिजे, ही त्यामागील साधी भूमिका होती.

कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे विद्यापीठाची शेती होती. १९०९ मध्ये तेथे गोठ्याची नवी इमारत झाली, तेव्हा ती पाहावयास लोकांना बोलावण्यात आले. लोकांनी शिदोऱ्या आणल्या. विद्यापीठाने कॉफी, साय आणि साखर पुरविली. या प्रसंगाला 'सहलीचा दिवस' हे नाव पडले आणि ते टिकले. पुढे १९१२ च्या सुमारास व्यवस्था विद्यार्थ्यांकडे गेली. १९२४ मध्ये लाळ-खुरकूत रोगाच्या साथीमुळे आणि १९४३ ते १९४५ या युद्धवर्षांत आवार सैन्याच्या ताब्यात असल्यामुळे खंड पडला. तरीही तो उत्सव चालू राहिला. रोगाच्या साथीमुळे उत्सव रद्द व्हावा यातच त्याचे स्वरूप कळते: पाहावयाची मुख्य वस्तू गोठ्यातील जनावरे होती, आणि येणाऱ्यांच्याही घरी जनावरे होती.

आयोवा राज्यातील एम्स येथे १९२२ मध्ये असाच एक उत्सव सुरू झाला. त्याचे नाव 'व्हीशिया'. भाषिक दृष्ट्या हे नाव लक्षणीय आहे, कारण ते पशुवैद्यक, अभियांत्रिकी, औद्योगिक शास्त्र, गृहशास्त्र आणि शेती या तेथील शाखांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून घडविलेले होते. म्हणजे या नावात पाहुणा नव्हता. यजमानाचे विभाग तेवढे होते. काळाच्या ओघात त्या अक्षरांचा अर्थ मागे पडला आणि उत्सवाभोवतीची मौज तेवढी वाढली. दंगलींमुळे तो अनेकदा अडचणीत आला आणि २०१४ मधील दंगलीनंतर कायमचा बंद झाला. नावामुळे उत्सव बुडाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपण कोणाला काय दाखवीत आहोत याचा विसर पडला म्हणजे गर्दी टिकते आणि भेट संपते, एवढा बोध त्यातून घेता येतो.

४. मेळावा

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली. १९६० मध्ये पंतनगर येथे भूदान-विद्यापीठांच्या धर्तीवरील पहिले भारतीय कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठ निघाले, २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ, आणि १८ मे १९७२ या एकाच दिवशी परभणी व दापोली येथील विद्यापीठे अस्तित्वात आली. दापोलीस कृषी महाविद्यालय १९६५ पासूनच होते. या विद्यापीठास २००१ मध्ये डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. १९६३ च्या अखेरीस अल्पकाळ राज्याचे हंगामी मुख्यमंत्री राहिलेले परशुराम कृष्णाजी सावंत ते हेच.

विद्यापीठांबरोबर शेतकऱ्यांना बोलावण्याचा प्रघातही आला. उत्तरेत त्यास 'किसान मेला' म्हणतात. मराठीने 'मेळावा' हा शब्द निवडला. जत्रा हा शब्द हाताशी असताना तो का निवडला नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. 'जत्रा' म्हणजे मूळची 'यात्रा'. तीत देव असतो आणि माणूस आपल्या इच्छेने, आपल्या नवसासाठी जातो. जत्रेस कोणी निमंत्रण देत नाही. मेळाव्यास मात्र भरविणारा लागतो. जत्रा 'भरते', मेळावा 'भरविला जातो'. या एका क्रियापदाच्या प्रयोजक रूपात यजमान संस्था उभी आहे: तिचा मंडप, तिचे व्यासपीठ, तिची कार्यक्रमपत्रिका.

मेळाव्याचे दिवस कसे ठरले हेही पाहावे. परभणीस खरिपाचा मेळावा १८ मे या स्थापनादिनी आणि रब्बीचा १७ सप्टेंबर रोजी भरतो. १७ सप्टेंबर हा १९४८ मधील मराठवाडा मुक्तीचा दिवस. एक तारीख संस्थेच्या इतिहासातून आली, दुसरी प्रदेशाच्या इतिहासातून. आणि दोन्ही तारखा पेरणीच्या अगोदर पडतात. ऐकून परत गेलेल्या शेतकऱ्याला त्याच हंगामात काही करून पाहता येईल, असा हा मेळ आहे.

५. शिवार फेरी

अकोल्याच्या विद्यापीठाने याहून निराळे नाव रूढ केले. खरिपाची पिके उभी असताना शेतकऱ्यांना विद्यापीठाच्या शेतांतून हिंडविण्याचा तेथे प्रघात आहे; त्यास 'शिवार फेरी' म्हणतात. हे नाव भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे आहे.

'शिवार' हा शब्द 'शीव' या शब्दाशी संबद्ध मानला जातो, आणि 'शीव' संस्कृत 'सीमा' पासून आला. स्वरांमधील मकाराचा वकार होणे हे मराठीत नियमित आहे: ग्राम-गाव, नाम-नाव, सीमा-शीव. इकारापूर्वीच्या सकाराचा शकार होणेही तसेच नेहमीचे: सिंचनाचे शिंपणे, सीवनाचे शिवणे. मुंबईतील शीव हे ठिकाण आपल्या नावात हीच सीमा बाळगून आहे. शिवार म्हणजे गावाच्या शिवेच्या आतील शेतजमीन. ती सीमा आवाराच्या भिंतीसारखी नसते. ती गावाची, सर्वांच्या परिचयाची असते, आणि तिच्या आत गावकरी बिनदिक्कत हिंडतो.

'फेरी' या शब्दात कर्ता चालणारा आहे. प्रभातफेरी, फेरीवाला, देवळाला घातलेली फेरी, या सर्वांत माणूस पायाने जागा आक्रमितो. मेळाव्यात शेतकरी बसतो आणि तज्ज्ञ बोलतो. फेरीत शेतकरी चालतो, वाटेल तेथे थांबतो, पान उलटून पाहतो आणि बांधावरून विचारतो. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रास 'शिवार' म्हणताच ते गावच्या जमिनीच्या जातीचे होते आणि येणारा तेथला माहीतगार ठरतो. 'विस्तार' या शब्दाशी याची तुलना करावी. इंग्रजी संज्ञेचा हा शब्दशः अनुवाद असून त्यात विद्यापीठ स्वतःस पसरीत बाहेर जाते; ज्याच्यापर्यंत पोचावयाचे तो त्या शब्दात कोठेच नाही.

६. कोकणातील अडचण

मग दापोलीनेही शिवार फेरी का म्हणू नये? येथे भाषा आणि भूगोल दोन्ही आडवे येतात. रत्नागिरीकडील शेतकऱ्याच्या तोंडी 'शिवार' हा शब्द सहसा नसतो. त्याच्या जमिनीला जातीजातीची नावे आहेत: भाताचा कुणगा आणि मळा, डोंगरउतारावरचे वरकस, खाडीकाठचे खाजण, समुद्रालगतचे माड-पोफळींचे आगर, आणि हापूसच्या कलमांची बाग. एका फेरीत ही सर्व जमीन दिसणे शक्य नाही. विद्यापीठाची केंद्रेही तशीच विखुरलेली आहेत: भाट्ये येथे नारळ, शिरगाव येथे भात, वेंगुर्ले येथे आंबा-काजू. शिरगावलाच १९८१ मध्ये मत्स्य महाविद्यालय सुरू झाले.

शिवाय स्थापनादिन १८ मे रोजी येतो. त्या वेळी कोकणात भाताचे शेत उघडे असते. राब भाजून झालेले असतात, आठवड्याभरात रोहिणी नक्षत्र लागावयाचे असते, आणि धूळवाफेची पेरणी करणारा आकाशाकडे पाहत असतो. उभे पीक दाखविण्याचा हा काळ नव्हे. पण बागेच्या दृष्टीने तो नेमका आहे. झाडावर फळ अजून आहे, त्यामुळे जात चाखून पाहता येते; आणि पाऊस तोंडावर आहे, त्यामुळे आवडलेल्या जातीचे कलम लगेच नेऊन लावता येते. विदर्भातील शेतकरी शिवारात जे पाहतो, ते कोकणातील बागायतदार फळात पाहतो. म्हणून कोकणातील भेटदिनाचा गाभा रोपवाटिकेत आहे असे म्हणावयास हरकत नाही. तेथून पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. आणि पाच-सात वर्षांनी त्याच्या स्वतःच्या बागेत विद्यापीठाच्या म्हणण्याची परीक्षा होते.

७. शब्दांचे तीन मार्ग

अशा दिवशी दोन भाषा एकमेकींसमोर येतात: शास्त्रज्ञाची लिखित मराठी आणि बागायतदाराची बोली. त्यांच्यामध्ये शब्दांची जी देवघेव होते, तिचे तीन मार्ग स्पष्ट दिसतात.

पहिला मार्ग बागेतून विद्यापीठाकडे जाणारा. हापूसच्या पिकल्या फळात कधीकधी गर पांढरट, पोकळ व आंबट निघतो. त्यास बागायतदार 'साका' म्हणतो. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात १९८१ मध्ये दिली, आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून अत्यंत पातळ कोयीची 'सिंधू' १९९२ मध्ये दिली. रत्नाचे वर्णन करताना विद्यापीठीय लेखनात 'साकाविरहित' असा शब्द येतो. बोलीतील नामास संस्कृत उत्तरपद जोडून झालेला हा समास व्याकरणाच्या जुन्या नियमास मानवणार नाही. परंतु तो चोख काम करतो, कारण ज्याच्यासाठी ती जात काढली त्याला तो पहिल्या दोन अक्षरांतच कळतो.

दुसरा मार्ग बाजारातून बागेकडे. आंब्यास नियमित मोहोर यावा म्हणून जे संजीवक वापरतात, त्याचे शास्त्रीय नाव पॅक्लोब्युट्राझॉल. बागायतदार त्यास 'कल्टार' म्हणतो. ते एका विक्रीनावावरून आले. विद्यापीठाने सोपा मराठी शब्द वेळीच दिला नाही, तेव्हा ती जागा डब्यावरील अक्षरांनी भरून काढली.

तिसरा मार्ग विद्यापीठातून बागेकडे. माडावरील दोन किडींची नावे 'गेंड्या भुंगा' आणि 'सोंड्या भुंगा' अशी आहेत. यांतील पहिले इंग्रजी नावावरून घडलेले दिसते, पण घडविताना मराठीचा आपला प्रत्यय लाविला आहे. टकल्या, दाढ्या या टोपणनावांत जो '-या' दिसतो, तोच येथे आहे. गेंड्यासारखे शिंग असलेला तो गेंड्या. परका विषय मराठी व्याकरणाच्या आतून व्यक्त केल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

शब्दांपेक्षा वाक्यरचनेची अडचण मोठी आहे. समजा, फलकावर असे लिहिले: 'प्रादुर्भावग्रस्त माडांवरील भुंगे तारेच्या हुकाच्या साहाय्याने काढून नष्ट करण्यात यावेत.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यात कर्ता नाही, वेळ नाही, आणि प्रादुर्भाव ओळखावयाचा कसा हेही नाही. हेच असे लिहिता येईल: 'माडाच्या शेंड्यात भोक दिसले आणि त्यातून भुसा बाहेर येत असला, तर तारेचा आकडा आत घालून भुंगा ओढून काढा व मारा.' दुसऱ्या वाक्यात शास्त्र कमी झालेले नाही. उलट लक्षणाचे वर्णन आल्याने ते वाढले आहे. 'करण्यात यावे' ही रचना कचेरीतील आदेशांतून आली. आदेश देणारा आणि पाळणारा समोरासमोर नसतात, म्हणून तेथे ती शोभते. भेटीच्या दिवशी ते समोरासमोर असतात.

८. फेब्रुवारीतील दोन दिवस

शेतीबाहेरील संस्थांनीही ही परंपरा स्वीकारली आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. पुण्यातील आयुका ही १९८८ मध्ये स्थापन झालेली संस्था या निमित्ताने सर्वांस खुली होते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणींचा जो प्रकल्प आहे, तेथेही या सुमारास प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांतील मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. खोडदच्या अनेक शेतांतून या दुर्बिणी दिसतात. रोज दिसणाऱ्या त्या प्रचंड तबकड्या काय ऐकतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला मराठीत कळावे, यासाठी तो दिवस आहे.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, २७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन असतो. दिनदर्शिकेत हे दोन दिवस शेजारी पडले हा योगायोग होय. आपल्या महाविद्यालयांत मात्र ते दोन वेगळ्या विभागांचे, दोन वेगळ्या श्रोत्यांचे कार्यक्रम होतात. पहिल्या दिवशी मराठीच्या थोरवीवर भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या फलकांवर मराठी अडखळते.

९. भाषाविभागाचे काम

या इतिहासातून जो प्रश्न उरतो तो आपल्या विषयाच्या कक्षेतला आहे. भेटदिन हा विद्यापीठाच्या मराठीची वार्षिक परीक्षा आहे, आणि परीक्षक बाहेरून येतो. व्यासपीठावरील भाषण छापले जाते, पाहुण्यांची नावे नोंदली जातात, विकलेल्या कलमांचा हिशेब ठेवला जातो. बांधावर विचारलेला प्रश्न मात्र विचारणाऱ्याबरोबरच निघून जातो. ज्या शब्दांत तो विचारला गेला, ते शब्द शास्त्रज्ञाच्या कामाचे असतात, कारण त्यांत लक्षणांची बारकाईने केलेली निरीक्षणे असतात. आणि कोशकाराच्या कामाचे असतात, कारण त्यांतील कित्येक शब्द कोशात गेलेले नसतात. जुन्या बागायतदारांची पिढी सरत आहे आणि त्यांची मुले मुंबईस आहेत. हे शब्द नंतर सवडीने गोळा करता येतील असे मानणे धोक्याचे आहे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अशा मेळाव्यास वह्या घेऊन जावे. प्रत्येकाने एकाच पिकाच्या किंवा एकाच विभागाच्या फलकापाशी उभे राहावे आणि येणाऱ्यांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत, उच्चारासह, गाव आणि तालुक्याच्या नोंदीसह उतरून घ्यावेत. कोणता फलक वाचून माणसे पुढे गेली आणि कोणत्या फलकापाशी त्यांनी 'म्हणजे काय?' असे विचारले, याचीही नोंद करावी. ही यादी त्या त्या विभागाकडे पुढील वर्षाचे फलक लिहिण्यापूर्वी पोचावी, आणि तिची एक प्रत आपल्या विभागाच्या शब्दसंग्रहात राहावी. दापोली, भाट्ये व शिरगाव ही तिन्ही ठिकाणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. या कामास एस. टी.चे भाडे, वही आणि उन्हात उभे राहण्याची तयारी यांपलीकडे काही लागत नाही.